आबांना कळता कामा नये

भावाचा फोन आला तेव्हा मी चहासाठी आलं किसत होते. लीड्समध्ये सकाळ होती, तिकडे गावी दुपार. तो म्हणाला, "आबा जवळ आहेत का?"

"बाथरूममध्ये आहेत. का?"

"रिपोर्ट आला. कॅन्सर आहे. अन्ननलिकेचा."

आबांना, आमच्या वडलांना, गेले काही महिने घास अडकायचा. प्रत्येक घासावर पाणी प्यायचे आणि पित्त झालंय म्हणायचे. माझ्याकडे यायच्या आधी भावाने त्यांना कोल्हापूरला नेऊन दुर्बीण घालून तपासून आणलं होतं, गाठीचा तुकडा तपासायला दिला होता. व्हिसा मिळालेला, तिकीट काढलेलं, म्हणून ते आले. नाताळ बघून जायचं असं ठरलं होतं.

"डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिलीय," भाऊ म्हणाला. "मी तिकीट शनिवारचं करून घेतलंय. आबांना सांगणार आहे की अल्सर आहे, बारीकसं ऑपरेशन आहे, डॉक्टर सुट्टीवर जाणार म्हणून तारीख अलीकडे घेतली. आईला सगळं सांगितलंय. आबांना कळता कामा नये."

"छाती उघडणार आणि ज्याची छाती त्यालाच सांगणार नाही?"

"ताई, हे बघ, तिथल्या रीती इथे आणू नकोस. सरपंचांच्या वडलांना सांगितलं आणि त्यांनी दुसऱ्या दिवसापासून जेवण सोडलं. तुझ्या डोळ्यांसमोरची गोष्ट आहे."

"त्यांना गिळता येत नव्हतं म्हणून सोडलं."

"तुझं नर्सिंग हॉस्पिटलात ठेव," तो म्हणाला. "घरात मुलगी म्हणून वाग." आणि फोन ठेवला.

मी नर्स आहे. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, कारण ही डिग्री आकाशातून पडलेली नाही. आबा परीट. आधी नदीवर धुणं धुवायचे. नदीत कारखान्याचं पाणी यायला लागल्यावर एसटी स्टँडजवळ इस्त्रीची टपरी घातली. नर्सिंग कॉलेजात आमच्या बॅचमध्ये माझा युनिफॉर्म सगळ्यात पांढरा असायचा. मुली हसायच्या, हिच्या घरी भट्टी आहे म्हणून. होतीच भट्टी.

लीड्सच्या हॉस्पिटलात माझ्या वॉर्डवर डॉक्टर पेशंटच्या समोर खुर्ची ओढून बसतो आणि सरळ शब्दांत सांगतो. मी बाजूला उभी असते. पेशंट कधी रडतो, कधी विचारतो की कुत्र्याला कुणाकडे ठेवू. पण आजार त्याचा असतो. त्याच्याबद्दल इतरांनी बाहेर कॉरिडॉरमध्ये कुजबुजायचं नसतं. इतकी वर्षं हे बघून मला ते बरोबर वाटायला लागलंय. भावाला ते इंग्रजी वाटतं. मला ते माणसाला माणूस समजणं वाटतं.

आबा बाथरूममधून बाहेर आले ते कानटोपी घालूनच. त्या दिवशी मी सुट्टी काढली होती. लीड्सबाहेर एका जुन्या लॉर्डची मोठी इस्टेट आहे, हवेली, बागा, नदीकाठची वाट. माझ्या एका सहकारिणीने सांगितलं होतं की तिथे नोकरांची धुण्याची खोली जशीच्या तशी जपून ठेवलीय. ती आबांना दाखवायची हा माझा आठवड्याचा बेत होता. आता जावं की नाही मला कळेना. आबा म्हणाले, "चल की. तुझा सायब वाट बघत असंल."

बसमध्येच त्यांना भावाचा फोन आला. अल्सर, डॉक्टरची सुट्टी, शनिवार. मी खिडकीबाहेर बघत राहिले. आबा "बरं, बरं" म्हणाले. फोन खिशात ठेवून मला म्हणाले, "नाताळ ऱ्हायला तुमचा. बारीक काम हाय म्हणं, तासाभराचं. पुढल्या साली येतो."

ऑक्टोबर संपत आलेला. इस्टेटच्या फाटकापासून नदीपर्यंत बीचच्या झाडांची रांग आहे. पानं तांबडी होऊन गळून चिखलात बसली होती, आणि त्यांचा कुजका, ओला वास सगळीकडे भरलेला. लोक या दिवसांत इथे फोटो काढायला येतात. त्या दिवशी पावसामुळे कुणी नव्हतं. नदी फुगलेली, चहासारखी तपकिरी. काठावर एक पाटी होती, पाणी खोल आहे, आत उतरू नका, आणि तिच्या शेजारी खांबाला बुडणाऱ्याकडे फेकायचं लाल रबरी कडं टांगलेलं. माझ्या नवऱ्याचं जाड जॅकेट आबांच्या खांद्यावरून ओघळत होतं. आले तेव्हा तेच त्यांना नीट बसायचं.

ते नदीशी थांबले. "दगड बरा हाय," म्हणाले. "चपटा. पर पाणी लई गार. बोटं झडतील."

"इथे धुतलंत तर दंड होईल, आबा."

"मग सायबाचं धुणं कुठं धूत हुते? लंडनला धाडत हुते व्हय?"

"चला, तेच दाखवते."

धुण्याची खोली हवेलीच्या मागच्या बाजूला, घोड्यांच्या पागेला लागून आहे. दारात एक म्हातारी बाई बसलेली, निळ्या फ्लीसमध्ये, गळ्यात व्हॉलंटियरचा बिल्ला. सकाळपासून कुणी आलं नसावं. आम्हाला बघून तिला इतका आनंद झाला की ती उठून पुढेच आली. तिने सगळं दाखवलं. तांब्याची मोठी कढई भिंतीत बसवलेली, खाली जाळ घालायचं तोंड. लाकडी हौद. कपडे पिळायचे दोन रूळ. शेगडीभोवती कडेने रचलेल्या इस्त्र्या. वर धुणाऱ्या पोरी झोपायच्या, ती म्हणाली, वाफेत आणि ओल्यात, आणि बऱ्याच जणींना छातीचा आजार व्हायचा. मी भाषांतर करत गेले. आबा फक्त मान हलवत होते.

मग त्यांनी एक इस्त्री उचलली. शेजारीच हात लावू नये अशी पाटी होती. त्यांनी इस्त्री उलटी करून तळ बघितला, अंगठा फिरवला.

बाई गडबडली, पण हसली. "यांना इस्त्र्यांची आवड आहे वाटतं," मला म्हणाली.

"माझे वडील परीट आहेत," मी इंग्रजीत म्हणाले. "त्यांचे वडीलही. नदीवर धुवायचे." मी मोठ्याने म्हणाले. मी ते नेहमीच मोठ्याने म्हणते, इथल्या लोकांसमोरही आणि आपल्या लोकांसमोर तर जास्तच.

"हाऊ लव्हली," ती म्हणाली. आबांना मी त्याचं भाषांतर केलं नाही.

टेबलावर पांढऱ्या चादरींची चळत होती. प्रत्येकीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने आकडा भरलेला. आबांनी तो बोटाने दाखवला. "खूण," म्हणाले. "कापड कुणाचं ते कळायला. आपली बिब्ब्याच्या रसाची असायची, काळी. ह्यांची दोऱ्याची." आणि ते थोडे मोकळे झाले. चादरीवर हात ठेवून उभे राहिले, अगदी टपरीवर राहायचे तसे.

"तुला सांगतो," म्हणाले, "गावात कुणाच्या घरात काय चाललंय ते आधी मला कळायचं. डॉक्टरच्या आधी. तुमचे गुरुजी हुते, गणिताचे. त्यांचे रुमाल यायचे. मास्तरीणबाई आधी घरी धुवायच्या आन् मग गाठोड्यात सगळ्यात खाली घालायच्या. पर रगताचा डाग साध्या पाण्यानं जात न्हाई."

"टीबी होता त्यांना?"

"काय हुतं देवाला ठावं. वरीसभर येत हुते रुमाल. मग यायचे थांबले."

"तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"न्हाई."

"मास्तरीणबाईंनासुद्धा नाही? गुरुजींना कोल्हापूरला न्या म्हणून तरी सांगायचं."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी अडाणीपणाचं बोलले असावे तसं. "लोक आपल्याकडं धुवायला देत्यात, पोरी," म्हणाले. "वाचायला न्हवं."

बाहेर आलो तेव्हा पाऊस थांबला होता. आम्ही परत नदीकाठच्या वाटेला लागलो. त्यांच्या बोलण्याने मला राग आला होता, गुरुजींवर आला, मास्तरीणबाईंवर आला, आणि मुख्य म्हणजे असं वाटलं की आबांना बहुतेक सगळं माहीतच आहे. ज्या माणसाने परक्यांचे आजार कपड्यांवरून ओळखले तो स्वतःच्या घशातला ओळखणार नाही होय? वॉर्डवरही आम्ही तेच म्हणतो, पेशंटला आतून कळलेलं असतं. त्या विचाराने मला धीर आला.

बांधाजवळ एक बाक होता. नदी तिथे दगडी बांधावरून खाली पडते आणि आवाज फार मोठा होतो. बांधाच्या तोंडाशी एक अख्खं झाड अडकलेलं, मुळांसकट, आणि त्याच्या फांद्यांत एक मेंढी. लोकर पाण्यात हलत होती. मी आबांना दुसऱ्या बाजूला बसवलं. पण त्यांनी बघितलंच. "कुणाचं तरी नुकसान," म्हणाले.

मी फ्लास्कमधून मऊ दहीभात आणला होता. त्यांनी दोन चमचे खाल्ले, प्रत्येकावर पाणी. तिसरा वर आला. त्यांनी रुमालाने तोंड पुसलं, रुमाल नीट चौकोनी घडी करून खिशात ठेवला.

"ऑपरेशन झालं की," म्हणाले, "भाकरी खाईन. खरपूस. ठेच्यासंगं. तुझ्या आईला आत्ताच सांगून ठेवतो, जवारी निवडून ठेव म्हणून."

ते खोटं नव्हते बोलत. त्यांच्या चेहऱ्यावर भाकरी दिसत होती. तेव्हा मला कळलं की त्यांना काहीही माहीत नाही. आतून बितून काही कळलेलं नाही. भावाने सांगितलेल्या तासाभराच्या कामावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे. शनिवारी ते विमानात बसतील, त्यांची छाती उघडतील, आणि जागे झाल्यावर ते भाकरी मागतील.

मी सांगितलं. वॉर्डवर डॉक्टर सांगतात तसंच, त्यांच्याकडे वळून बसले, त्यांचा हात धरला. "आबा, अल्सर नाही. कॅन्सर आहे. अन्ननलिकेत गाठ आहे. ऑपरेशन मोठं आहे, छाती आणि पोट दोन्ही उघडतात. त्यातून माणूस उठतोच असं नाही. नाही केलं तर गाठ वाढेल, पण घशात नळी घालून काही दिवस पातळ खाता येतं. काय करायचं ते तुम्ही ठरवायचं."

ते माझ्याकडे बघत होते. पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही की काय, असं मला वाटलं.

"तुझा भाऊ म्हणला अल्सर."

"तो तुम्हाला घाबरवायचं नाही म्हणून बोलला."

"तू चुकली असशील. तिकडचं तू कुठं बघितलंस?"

"त्याने मला सकाळी फोनवर सांगितलं. आलं किसत होते मी."

आलं किसत होते हे मी का सांगितलं कोण जाणे. पण त्यानेच बहुतेक त्यांना पटलं. त्यांनी हात सोडवून घेतला, कानटोपी काढली, मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "आईला ठावं हाय तुझ्या?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. "हो," मी म्हणाले.

तेवढ्याने ते खचले. पडले नाहीत, बसल्या जागीच खाली गेले, पाठ वाकली. आईला खोटं बोलता येत नाही ही आमच्या घरातली जुनी थट्टा. गिऱ्हाइकाने विचारलं, कपडे झाले का, तर आबा आतून खुणा करायचे आणि आई म्हणायची, न्हाई बाबा, अजून भिजवलेबी न्हाईत.

"आज सकाळी बोलली माझ्याशी," आबा म्हणाले. "दूध प्यालासा का म्हणून इच्चारलं. हसली."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवायला गेले. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे." मग नदीकडे बघत, "न्हवतं सांगितलंस तर गेलो असतो गप."

"आबा, तुमचा हक्क आहे—"

"हक्काचं ऱ्हाऊ दे म्हणलं ना."

बाकाची फळी ओली होती, ओल आतपर्यंत गेली. समोरून एक माणूस कुत्रं घेऊन गेला, गुड आफ्टरनून म्हणाला. आबांनी त्याला कपाळाला हात लावून नमस्कार केला, ते इथे सगळ्यांनाच करायचे.

आणि तेव्हा आईचा व्हिडिओ कॉल आला. रोजची वेळ नव्हती तिची. तिकीट बदलल्याचं आबांना कळल्यावर ते काय म्हणतात हे तिला बघायचं असणार. मी फोन पर्समध्ये टाकायला लागले. आबांनी हात पुढे केला. "दे."

पडद्यावर आईचा अर्धाच चेहरा आला, कपाळ आणि मागे चुलीची भिंत. "कुठं हाईसा?" तिने विचारलं.

"सायबाच्या वाड्यावर. नदी हाय. मोठी हाय बघ," आणि आबांनी फोन नदीकडे फिरवला. झाड अडकलेलं तिकडे नाही, दुसरीकडे.

"थंडी हाय का? कानाला बांधा की." तिचा आवाज उंच चढला होता, ती रेडिओवर बोलल्यासारखी बोलत होती. "पोरानं सांगितलं न्हवं? तारीख लवकर मिळाली. बरं झालं. अल्सर म्हंजे काय, लई लोकांस्नी असतोय."

मी आबांकडे बघत होते. त्यांनी कानटोपी परत डोक्यावर चढवली.

"व्हय," म्हणाले. "मी बी तेच म्हणलं पोरीला. लई लोकांस्नी असतोय. स्टँडवरच्या हाटेलवाल्याला न्हवता व्हय? आता भजी तळतोय."

"त्येच की," आई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम खाली आला, सैल झाला. ती खरंच हसली. "आता या लवकर. पोरीला सतावू नका."

"जवारी निवडून ठेव," आबा म्हणाले.

फोन बंद केल्यावर त्यांनी तो माझ्या हातात दिला. "तिला कळू द्यायचं न्हाई," म्हणाले.

"काय?"

"मला कळलंय ते."

मी बोलायला लागले. मी वॉर्डवरचं सगळं बोलले. तुम्हाला ऑपरेशन नको असेल तर आत्ता नाही म्हणता येतं, मी भावाशी बोलेन, डॉक्टरशी बोलेन, माझं शिक्षण कशासाठी आहे. आबा ऐकत होते, पण गिऱ्हाईक भाव करतं तेव्हा ऐकायचे तसं.

"नको म्हणलो," ते म्हणाले, "तर ती इच्चारणार कशापायी नको. बारीक काम हाय, तासाभराचं, त्याला कोण नको म्हणतं? मग तिला कळणार. आन् आयुष्यात एकदा खोटं बोलली, तेबी तिला धड जमलं न्हाई, असं तिला वाटणार."

"म्हणून तुम्ही छाती उघडून घेणार?"

"तू का सांगितलंस?" त्यांनी विचारलं. राग नव्हता त्यात. खरंच विचारत होते.

"ठरवायचं तुम्ही होतं म्हणून."

"मग ठरिवलं की," म्हणाले, आणि उठले.

परतीच्या वाटेवर ते माझ्या पुढे चालत होते. पानांवरून पाय घसरत होता, पण त्यांनी माझा हात धरला नाही. धुण्याच्या खोलीचं दार बंद झालेलं, ती बाई सायकलवरून घरी निघाली होती. तिने हात केला. आबांनी कपाळाला हात लावला.

शनिवारी मी त्यांना मँचेस्टरला विमानात बसवलं. व्हीलचेअर सांगितली होती, ती त्यांना आवडली नाही, पण बसले. घरी पोचल्यावर रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. आई रेडिओसारखी बोलायची, भाऊ मधून मधून डॉक्टरचं नाव घ्यायचा, आणि आबा म्हणायचे, बारीक काम हाय. मी पडद्यावर त्यांचे डोळे शोधायची. ते आईकडे बघत असायचे, माझ्या नजरेला नजर देत नव्हते. ऑपरेशनच्या सकाळीही नाही.

ऑपरेशन झालं. मग फुप्फुसात पाणी झालं, मग मशीनवर ठेवलं. मी पोचले तेव्हा ते बेशुद्ध होते. त्यांची चादर मी स्वतः बदलली, तिथल्या सिस्टरला सांगून. तीन रात्रींनी गेले.

तेराव्याला भावाने मला परसात गाठलं. मांडव काढायचं चाललं होतं. त्याने इकडेतिकडे बघून विचारलं, "तू काही बोलली नव्हतीस ना त्यांना?"

"नाही," मी म्हणाले.

"बरं केलंस." तो रडायला लागला. माझ्यापेक्षा लहान आहे, त्याला जवळ घेतलं. मी तेव्हाही विचार करत होते की माझं बरोबर होतं. अजून मला तसंच वाटतं. ते ज्याला तोंड उघडून सांगता येईल असा माणूस मात्र राहिला नाही.

आत गेले तर आई बायकांत बसली होती. डोळे सुजलेले, पण ताठ बसली होती, आणि बोलत होती. "शेवटपातुर कळू दिलं न्हाई आम्ही त्यांना," ती शेजारणीला सांगत होती. "एक शब्द न्हाई. मला वाटायचं, माझ्या तोंडावर दिसंल. पर न्हाई दिसलं. त्या दिवशी विलायतेस्नं बोलले तवाबी हसत हुते, लई लोकांस्नी असतोय म्हणले. कशाची भीती न्हाई, काळजी न्हाई. सुखानं गेले."

शेजारीण म्हणाली, "नशीबवान हुते."

आईने मला बघितलं आणि हाताने जवळ बसायची खूण केली. "हिला ठावं हाय. हिच्यासमोरच बोलले. हसत हुते का न्हाई गं?"

"हो," मी म्हणाले. "हसत होते."

"बरं केलं न्हवं आम्ही?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. घरातली शिकलेली, इंग्लंडची नर्स, तिचं काय म्हणणं आहे म्हणून.

"बरं केलंस, आई."

तिने माझा हात धरला आणि सोडला नाही. कोपऱ्यात बसलेल्या एका म्हातारीला नीट ऐकू आलं नव्हतं, म्हणून आईने तिला ते पहिल्यापासून परत सांगायला घेतलं.